तुरुंगातून सुटल्यावर एचआयव्हीची औषधं तुटू नयेत म्हणून काय करता येईल?

चांदणवेल
नमस्कार. या विषयावर इथे धागा सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. तुरुंगातून सुटून आलेले आणि एचआयव्हीची औषधं चालू असलेले लोक, त्यांच्यासोबत मी काम करते, त्यामुळे लिहितेय ते रोज बघून लिहितेय.

बाहेरच्यांना वाटतं आत हाल आणि सुटला की सुटला. औषधांच्या बाबतीत बऱ्याचदा नेमकं उलटं होतं. कित्येकांना आपल्याला एचआयव्ही आहे हे पहिल्यांदा कळतं तेच आतल्या तपासणीत, मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, सुरू होते, रोज ठरल्या वेळी गोळी मिळते, वजन भरतं, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) खाली येतो, आणि एवढं सगळं जमून आलेलं असताना सुटकेच्या दिवशी ते गेटच्या आतच राहून जातं. खरोखरच राहून जातं, कारण बऱ्याच ठिकाणी गोळ्यांची बाटली कैद्याच्या हातात देत नाहीत, ती दवाखान्याच्या कपाटात असते आणि रोजचा डोस समोर उभं करून गिळायला लावतात. आता कच्चा कैदी सकाळी पेशीला गेला, कोर्टाने जामीन दिला, जामीनदार हजर होता, कागद संध्याकाळी तुरुंगात पोचले की रात्री माणूस रस्त्यावर. तेव्हा दवाखाना बंद, कंपाउंडर घरी गेलेला, आणि बाटली कपाटात.

शिक्षा पुरी करून सुटणाऱ्याची तारीख निदान आधी माहीत असते. पण तिथेही फार तर एक चिठ्ठी मिळते, अमुक एआरटी सेंटरला जा म्हणून. ज्याला ती चिठ्ठी घेऊन जायचंय त्याला त्या रात्री झोपायला जागा आहे का, फोन आहे का, ओळखपत्र आहे का, हे कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे, चिठ्ठी दिली म्हणजे काम झालं असं समजणं बंद झालं पाहिजे. सुटायच्या आधी बाहेरच्या सेंटरमधलं कोणीतरी आत जाऊन त्याला भेटलेलं असलं पाहिजे, आणि सुटल्यावर पहिल्या भेटीला कोणीतरी सोबत गेलं पाहिजे. हातात औषध आणि सोबत माणूस, एवढं झालं तर बाकीचं नंतर जुळवता येतं.

ज्यांचं घरचं कोणी आत आहे, जे स्वतः आत राहून आलेत, डॉक्टर, सिस्टर, वकील, जे कोणी असाल, लिहा. नाव गाव लिहू नका, आपलंही नको आणि दुसऱ्याचंही नको.

परतवाट
ताई बरं झालं हा विषय काढलात. मी आत होतो आणि माझं औषध आतच सुरू झालं. आत गोळी घेण्याचा त्रास वेगळा, दवाखान्याच्या कुठल्या लाईनीत उभा राहतो त्यावरून अख्ख्या बराकीला कळतं याला काय झालंय, मग पाण्याचा ग्लास वेगळा, अंथरूण कोपऱ्यात. पण गोळी चुकत नव्हती, कारण आठवण दुसरं कोणीतरी करून द्यायचं, घंटा झाली, लाईन लागली, नंबर पुकारला. बाहेर घंटा नाही.

मला कोर्टातूनच सोडलं, तुम्ही लिहिलंय तसंच. शनिवार होता. फोन जप्त झालेला तो मिळाला नव्हता. बहिणीच्या घरी उतरलो, बहिणीला माहीत होतं पण दाजींना नव्हतं. पहिल्या दिवसांत डोक्यात औषध नसतंच हो, डोक्यात असतं वकिलाचे पैसे, पुढची तारीख, पोलीस स्टेशनला हजेरी, काम कोण देणार, पोरगी ओळखेल का. शरीराला काही होत नसतं त्यामुळे गोळी नाही घेतली तरी काही बिघडलं असं वाटतच नाही, हीच मोठी फसवणूक आहे या आजाराची.

मला सेंटरला घेऊन गेला तो आमच्याच बराकीत राहिलेला, माझ्या आधी सुटलेला. म्हणाला मी पण तिथूनच घेतो, चल. तिथे जुने कागद मागितले, माझ्याकडे काहीच नव्हतं, तर हाच पुढे झाला, मॅडम आधी गोळ्या द्या कागदाचं मी बघतो. त्या मॅडमनी पण ऐकलं. एकटा गेलो असतो तर कागद आणा म्हटल्यावर परत फिरलो असतो आणि परत गेलो नसतो, हे मी शंभर टक्के सांगतो. नंतर घरी बाटली ठेवायचा प्रश्न, ती पिशवीत खुळखुळते, मी त्यात कापूस भरायचो म्हणजे आवाज होत नाही.

आकडेमोड
परतवाट, मनापासून लिहिलंत. तुम्ही म्हणताय त्याला आधार देणारा एक जुना आणि महत्त्वाचा अभ्यास आहे तो इथे मांडतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २००४ ते २००७ या काळात तुरुंगातून सुटलेल्या, एआरटी चालू असलेल्या २,११५ लोकांची नोंद तपासली, निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सुटताना त्यांना दहा दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या जात होत्या. म्हणजे गॅप पडू द्यायचा नसेल तर दहा दिवसांच्या आत बाहेरून पुढचं औषध घ्यायला हवं होतं. ते घेतलं फक्त ५.४ टक्के लोकांनी. महिन्याभरात १७.७ टक्के. साठ दिवसांत ३० टक्के. दोन महिने झाले तरी दहातल्या सात जणांनी औषध उचललं नव्हतं.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. ज्यांना सुटायच्या आधी सरकारी औषध योजनेचा फॉर्म भरायला मदत मिळाली होती त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा चांगलं होतं. साधा फॉर्म भरून द्यायचा. तो आत असताना भरून झाला असला की बाहेर आल्यावर एक खिडकी कमी.

चांदणवेल
आकडेमोड, हेच मी ओरडून सांगत असते. दहा दिवसांच्या गोळ्या हातात होत्या तरी असं झालं. औषध हातात देणं आवश्यकच आहे पण तेवढ्याने भागत नाही. आणि परतवाट, तुमचा तो मित्र जे काम करून गेला ते खरं तर यंत्रणेचं काम आहे.

उंबरठा
मी डॉक्टर आहे, एआरटी देण्याचं काम बरीच वर्षं करतोय. औषध तुटलं की शरीरात काय होतं ते थोडं लिहितो, कारण "काही होत नाही असं वाटतं" हे परतवाट यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

गोळी बंद झाली की साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात मोजता येईल इतका वाढतो. माणसाला काहीही जाणवत नाही. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, हळूहळू उतरतो. पूर्वी असा विचार होता की सीडी४ चांगला असेल तर मध्येमध्ये औषधाला सुट्टी द्यावी, स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात ते करून पाहिलं, ३३ देश, ५,४७२ माणसं. सुट्टी घेणाऱ्या गटात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर होणारे) किंवा मृत्यूचं प्रमाण औषध चालू ठेवणाऱ्यांच्या अडीच पटीहून जास्त निघालं आणि २००६ च्या सुरुवातीला तो प्रकार थांबवावा लागला. तेव्हापासून नियोजनबद्ध सुट्टीसुद्धा कोणी देत नाही, आणि सुटकेनंतर पडणारी तर बिननियोजनाची सुट्टी आहे.

दुसरं, रेझिस्टन्स, म्हणजे औषध लागू न पडणं. जुन्या गोळीतलं एफाव्हिरेन्झ शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, सोबतची औषधं आधी निघून जातात, मग विषाणूसमोर एकटंच औषध उरतं आणि विषाणू त्याला सरावतो. आता बहुतेक ठिकाणी डोलुटेग्राविर असलेली गोळी आहे, तिला विषाणू सहजी सरावत नाही, हा मोठा दिलासा. तिसरं, ज्याला सोबत हिपॅटायटिस बी आहे त्याने तर अजिबात अचानक थांबू नये. एआरटीच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही दोन्ही औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवत असतात, ती एकदम गेली की लिव्हरला जोराची सूज येऊ शकते, कधीकधी जीवावर बेतते. हे रेफरलच्या कागदावर लिहिलेलं क्वचित दिसतं.

आणि परतवाट, कापूस दमटपणा धरतो, त्यामुळे तो कोरडा ठेवा आणि झाकण घट्ट लावा. बाटलीत जी छोटी पुडी असते ती काढू नका, गोळ्या कागदात किंवा साध्या पिशवीत काढून ठेवू नका.

सरळरेष
एक विचारू का, राग मानू नका. साधनं मर्यादित आहेत. बाहेर कायद्याने वागणारे किती तरी लोक लांब प्रवास करून, रजा टाकून औषध आणतात, त्यांच्यासोबत कोणी जात नाही. मग गुन्हा करून आलेल्यासाठी खास माणूस का? मला खरंच समजून घ्यायचंय.

चांदणवेल
सरळरेष, राग कशाला. प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, तुम्ही विचारलात.

पहिलं म्हणजे आत असलेल्यांतले पुष्कळ जण कच्चे कैदी असतात, गुन्हा शाबित झालेलाच नसतो, काही निर्दोष सुटतात. पण ते बाजूला ठेवा, शिक्षा झालेला धरा. त्याला कोर्टाने शिक्षा सुनावली ती अमुक इतकी वर्षं. आजार बळावणं हा त्या शिक्षेचा भाग नव्हता. सरकारने त्याला स्वतःच्या ताब्यात घेतलं, स्वतः औषध सुरू केलं, मग ते मध्येच सोडून द्यायचा अधिकार सरकारला नाही असं मला वाटतं.

बाहेरच्या माणसाला लांबून यावं लागतं हे अगदी खरं आणि तेही बदललं पाहिजे. पण त्याच्याकडे निदान घर असतं, फोन असतो, सेंटरवर त्याला ओळखतात. सुटून आलेल्याकडे हे सगळं एकाच दिवशी नसतं. काही महिन्यांनी तो पण तुमच्यामाझ्यासारखा एकटा जाऊन औषध आणतो, कायमचं बोट धरा असं कोणी म्हणत नाहीये.

काळाकोट
मी वकील. सरळरेष यांच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने जोड देतो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांना वागवण्याचे किमान नियम सुधारून स्वीकारले, त्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात. त्यातला २४ वा नियम सांगतो की कैद्याची आरोग्यसेवा ही राज्याची जबाबदारी, बाहेरच्या माणसाला मिळते त्याच दर्जाची, आणि ती बाहेरच्या सार्वजनिक आरोग्ययंत्रणेशी अशी जोडलेली हवी की उपचारात खंड पडणार नाही. तिथे एचआयव्ही आणि टीबी यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. २६ वा नियम त्याहून व्यवहारात उपयोगी. कैद्याला स्वतःची वैद्यकीय फाईल मागता येते, आणि ती बघण्यासाठी तो दुसऱ्या कोणाला नेमू शकतो. हे नियम कोर्टात कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण अर्ज करताना त्यांचा आधार देता येतो आणि मी देतो.

जामिनाच्या केसेसमध्ये मी एक करतो. जामिनावर सुनावणी लागली की अशिलाच्या संमतीने तुरुंगाच्या दवाखान्याला आधीच पत्र देतो की हा माणूस या तारखेला सुटू शकतो, औषध आणि कागद तयार ठेवा. पत्रात आजाराचं नाव लिहीत नाही, "चालू उपचार" एवढंच. अर्जात आजार लिहिला की तो दहा टेबलांवर वाचला जातो. कोर्टाला सांगणं भागच असेल तर बंद पाकिटात.

सरळरेष
पटलं. ताब्यात घेणाऱ्याचीच जबाबदारी हा मुद्दा मी असा कधी बघितला नव्हता. एक शंका, औषध तुटलं तर त्याच्या घरच्यांनाही धोका असतो ना?

उंबरठा
असतो, आणि उलट बाजू जास्त महत्त्वाची. औषध नियमित असेल आणि व्हायरल लोड मोजण्याच्या पलीकडे खाली असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पार्टनर या नावाने झालेल्या अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, ७८२ पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय संबंध असूनही पॉझिटिव्ह जोडीदाराकडून निगेटिव्हला झालेली एकही लागण सापडली नाही. सुटून घरी येणारा माणूस जोडीदाराकडेच परत येत असतो. तो आतून दबलेल्या व्हायरल लोडसह येतोय आणि नेमक्या त्याच वेळी आपण औषध तुटू देतो, हे किती अविचाराचं आहे बघा.

निळाई
मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा भाऊ पुढच्या महिन्यात सुटतोय, शिक्षा पूर्ण झालीय. तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे त्याला भेटायला, गेले तेव्हा त्याने मला हळूच सांगितलं की त्याची ही औषधं चालू आहेत, तोपर्यंत मला काहीच माहिती नव्हतं. आईला माहीत नाही. तो फार बारीक झालाय म्हणून मी कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, टॉनिक वगैरे आणून ठेवलंय. मी नेमकं काय काय करायचं? आतल्या दवाखान्यात कोणाला विचारायचं तेही कळत नाही आणि मी विचारलं तर त्याचं आत सगळ्यांना कळेल का याची भीती वाटते.

चांदणवेल
निळाई, आधी हे सांगते की त्याने तुला सांगितलं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्याच्या घरात एका तरी माणसाला माहीत असतं त्याचं औषध टिकायची शक्यता जास्त असते, आमचा अनुभव आहे.

पुढच्या मुलाखतीत त्याला सांग की त्याने स्वतः आतल्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे ट्रान्सफरचं पत्र मागायचं. तू विचारण्यापेक्षा त्याने विचारणं चांगलं, गुप्तता त्याच्या हातात राहते. पत्रात औषधाचं पूर्ण नाव, कधी सुरू झालं, शेवटचा सीडी४ आणि व्हायरल लोड तारखेसह, टीबीची तपासणी किंवा औषध झालं असेल तर ते, हिपॅटायटिसचा रिपोर्ट, आणि शेवटचा डोस किती तारखेपर्यंत दिलाय हे सगळं असायला हवं. आणि किमान महिनाभराच्या गोळ्या हातात मागायच्या. देत नाही म्हणाले तरी मागायच्या, लेखी मागायच्या.

तू इकडे काय कर, तुम्ही राहता तिथून सोयीचं सेंटर शोध आणि एकटीच जाऊन समुपदेशकाला भेट. नाव न सांगताही बोलता येतं, "माझ्या घरचं एक माणूस अमुक तारखेला येणार आहे, औषध चालू आहे" एवढं पुरे. अगदी ओळखीच्या लोकांची गर्दी असलेलं सेंटर नको वाटत असेल तर थोडं लांबचं घे, पण इतकं लांब नको की दर वेळी दिवस मोडेल.

आईला सांगायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू दे, तू सांगू नकोस.

उंबरठा
निळाईताई, टॉनिकबद्दल एक महत्त्वाचं. डोलुटेग्राविर असलेली गोळी असेल तर लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीची मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवाली औषधं तिला पोटातच बांधून टाकतात आणि गोळी पुरती शोषली जात नाही. एआरटीची गोळी आधी घ्यायची आणि दोन तासांनी ही औषधं, किंवा ही आधी घेतली असतील तर सहा तासांनी गोळी. लोह-कॅल्शियम जेवणासोबत घेतलं तर गोळीबरोबर चालतं, ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सूट नाही. सेंटरवर त्याला ही सगळी औषधं दाखवायला सांगा.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्यायचा, पण दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत.

पांढरीटोपी
मी सिस्टर आहे, टीबीच्या पेशंटकडे बघते. दोन गोष्टी लिहिते ज्या राहून जातात.

आत गर्दी असते, हवा खेळत नाही, त्यामुळे टीबीची औषधं चालू असताना सुटणारे पण खूप. टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, सकाळी नेहमीची गोळी आणि संध्याकाळी एक जादा. माणूस बाहेर आला, टीबीचं सेंटर वेगळं, एआरटीचं वेगळं, एकीकडचं पत्र आहे दुसरीकडचं नाही, मग जादा गोळी कशासाठी होती हेच कोणाला कळत नाही आणि तीच पहिली बंद होते. दोन्ही पत्रांवर दोन्ही औषधं लिहा, एवढी विनंती आहे आत काम करणाऱ्यांना.

दुसरं नशेचं. आत जाण्याआधी जे सुई घेत होते त्यांची शरीराची सवय आत असताना सुटलेली असते, बाहेर येऊन जुनाच डोस घेतला की श्वास बंद पडतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३०,२३७ लोकांचा अभ्यास २००७ साली आला होता, सुटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका बाहेरच्या सारख्याच लोकांच्या जवळजवळ तेरा पट होता आणि सगळ्यात मोठं कारण ओव्हरडोस. ज्याला नशेची तलफ दाबणारं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन लागतं त्याला ते आत असतानाच सुरू करून बाहेर चालू ठेवायला पाहिजे, आणि घरच्यांना ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन कसं द्यायचं ते दाखवायला पाहिजे. माणूसच राहिला नाही तर एआरटीचं काय बोलायचं. एचआयव्हीवाले एचआयव्हीचं बघतात आणि नशेवाले नशेचं, तो मात्र एकटाच असतो दोन्हीला.

आकडेमोड
पांढरीटोपी, नंबर बरोबर आहेत, १२.७ पट.

आता "सोबत माणूस" या मुद्द्यावर थोडं, कारण पुरावा सरसकट एका बाजूचा नाही आणि ते सांगितलं पाहिजे. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायनात एक मोठी चाचणी झाली, सुटण्याआधी समुपदेशन, बाहेरच्या सेंटरशी जोडून देणारा समन्वयक, सुटल्यावर फोनवर औषधाचे मेसेज. सहा महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा व्हायरल लोडमध्ये फरक दिसला नाही. याउलट लॉस एंजेलिसमध्ये स्वतः तुरुंगात राहून आलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन सोबती म्हणून नेमलं, ते सुटलेल्यासोबत दवाखान्यात जायचे, डॉक्टरांशी कसं बोलायचं ते शिकवायचे. २०१८ मध्ये निकाल आला. सोबती असलेल्या गटात विषाणू दबलेल्यांचं प्रमाण वर्षभर ४९ टक्क्यांवर टिकलं, नसलेल्या गटात ते ५२ वरून ३० वर घसरलं.

चांदणवेल
हे फार उपयोगाचं आहे. मेसेज पाठवणं आणि दारात उभं राहणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे असं मला यातून दिसतं. ज्याच्याकडे फोनच टिकत नाही त्याला मेसेज कुठे पाठवणार. आणि टिकलं म्हणजे ४९ वरच टिकलं, वर गेलं नाही, हेही मला टोचतं. निम्मे तरीही बाहेरच राहिले.

आणखी एक, की सोबती फुकटात राबवून घेऊ नका. परतवाटसारख्या माणसांना स्वयंसेवक म्हणून गोड बोलून पळवलं जातं. पगार द्या, ओळखपत्र द्या, तुरुंगात जायची परवानगी मिळवून द्या. बऱ्याच ठिकाणी पूर्वी शिक्षा झालेल्याला आत प्रवेशच देत नाहीत, म्हणजे ज्याला हे काम सगळ्यात चांगलं जमेल त्यालाच गेटवर अडवायचं.

अबोली
सगळा धागा पुरुषांबद्दल चाललाय म्हणून लिहितेय. मी स्त्री कैद्यांसोबत काम केलंय. बाई सुटली की तिला न्यायला बहुधा कोणी आलेलं नसतं. नवरा आत असताना भेटायलाच आलेला नसतो, सासरची दारं बंद, माहेरचे म्हणतात काही दिवस राहा आणि बघ कुठे सोय होते ते. मुलं दुसऱ्याच्या ताब्यात असतात आणि ती परत मिळेपर्यंत ती स्वतःच्या औषधाकडे बघत नाही. मुलाची तपासणी झालीये का हे तिला विचारलं पाहिजे, आणि गरोदर असेल तर मग एकही दिवस औषध तुटायला नको, कारण आईचा व्हायरल लोड दबलेला राहिला तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी कमी होते, आणि नेमकं शेवटच्या महिन्यांत औषध तुटलं तर ती वाढते.

आणि घरी फोन करून "तुमच्या मिसेस औषध घ्यायला आल्या नाहीत" असं सांगणारी सेंटर्स मी पाहिलीत. त्या फोननंतर बाईला घराबाहेर काढलेलं पाहिलंय. पाठपुरावा करायचा म्हणजे कसाही नाही करायचा.

उंबरठा
अबोली, अगदी खरं. आणि आमच्या लोकांसाठीही एक लिहितो. औषध तोडून परत आलेल्याला खिडकीवर सगळ्यांसमोर "इतके दिवस कुठे होतात" विचारणारे कर्मचारी मी बघितलेत. तो प्रश्न बंद करा. आलात, बरं झालं, बसा. तब्येत ठीक असेल तर त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू करता येते, कागदांची वाट बघायची गरज नसते. सीडी४ करा, टीबीची लक्षणं विचारा, सीडी४ २०० च्या खाली असेल तर क्रिप्टोकोकस या बुरशीची तपासणी करा. फक्त सतत डोकं दुखतंय, मान आखडलीये, गोंधळल्यासारखं होतंय असं असेल तर आधी मेंदूज्वर नाही ना ते बघावं लागतं, तिथे घाईने एआरटी सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं.

निळाई
सगळ्यांचे आभार. काल सेंटरला जाऊन आले. बाहेर बराच वेळ उभी होते, आत गेल्यावर मात्र त्या समुपदेशक बाई नीट बोलल्या. म्हणाल्या त्या आठवड्यातून एकदा तुरुंगात जातात, भावाची संमती असेल तर पुढच्या वेळी त्याला भेटतील. मुलाखतीत त्याला विचारते. टॉनिक बाजूला काढून ठेवलंय, भाऊ सुटला की त्याला सोबत घेऊन येते असं त्यांना म्हटलं. एक विचारायचं राहिलं, त्यांनी फोन नंबर मागितला, त्याच्याकडे फोन नसणार सुरुवातीला, माझा द्यायचा का?

परतवाट
ताई तुमचा द्या. आणि तो सुटेल त्या दिवशी गेटवर जा, तो नको म्हणाला तरी जा. बाकी भाऊ तुमच्या भागातला असेल आणि त्याला बरं वाटणार असेल तर मी बोलेन त्याच्याशी, धागाकर्त्या ताईंकडून निरोप द्या.

चांदणवेल
निळाई, तुझा नंबर दे पण त्याची संमती घेऊन. त्याच्या फाईलवर लिहायला सांग की हा बहिणीचा नंबर आहे आणि तिला माहीत आहे. शक्य असेल तर दुसराही एक नंबर दे, तिथे माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहायला सांग. आणि सेंटरवरून फोन आला, उचलणारं दुसरंच कोणी असलं तर ते काय म्हणतील हे आत्ताच ठरवून घे. आम्ही फक्त "ऑफिसमधून बोलतोय, त्यांना फोन करायला सांगा" एवढंच म्हणतो आणि ठेवतो. परतवाट, तुम्हाला खासगी निरोप पाठवलाय, बघा.